विमानमार्गांचा नकाशा ताजा ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपनफ्लाइट्सच्या जुन्या मार्गयादीची भारतापुरती दुरुस्त केलेली प्रत आम्ही काही हौशी मंडळी नोकरी-अभ्यास सांभाळून चालवतो. दर हंगामाला तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. विमानतळांचे आणि कंपन्यांचे कोड इथे देवनागरीत दिले आहेत. फाइलमध्ये ते रोमन अक्षरांत सापडतील.

१. ओपनफ्लाइट्स म्हणजे नेमकं काय? तिथे तिकीट काढता येतं का?

नाही. आपण आजवर कुठून कुठे उडालो याची नोंद ठेवायची आणि ती नकाशावर रेषांनी पाहायची, यासाठी स्वयंसेवकांनी बनवलेलं हे साधन आहे. त्याच्यासोबत तीन मोठ्या फाइली सगळ्यांसाठी खुल्या आहेत: विमानतळांची, विमान कंपन्यांची आणि मार्गांची. मार्गांच्या फाइलमध्ये ६७,६६३ ओळी आहेत, त्यांत ३,३२१ विमानतळ आणि ५४८ कंपन्या येतात. ग्राफ थिअरी किंवा डेटा सायन्स शिकणाऱ्या मुलांच्या हाती ही फाइल हमखास पडते. आम्हाला पत्र लिहिणारे निम्मे लोक तिथूनच येतात.

२. नकाशावर जेट एअरवेज अजून उडतेय! हे कसं?

मार्गांची फाइल जून २०१४ पासून गोठलेली आहे. ज्या बाहेरच्या स्रोतातून मार्ग मिळत होते तो आटला आणि फाइल होती तिथे थांबली. ओपनफ्लाइट्सने हे लपवलेलं नाही, फाइलच्या माहितीत तसं स्पष्ट लिहिलं आहे. पण माहिती वाचतो कोण!

तेव्हापासून काय काय घडलं ते पाहा. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. गोएअरचं नाव गो फर्स्ट झालं आणि मे २०२३ मध्ये तीही बसली. शिर्डीचा विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला, आकासा ऑगस्ट २०२२ मध्ये आली. सगळ्यांत गंमत विस्ताराची. ती ९ जानेवारी २०१५ ला सुरू झाली आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विरून गेली. एक अख्खी कंपनी जन्मली, वाढली, संपली आणि या फाइलला तिचा पत्ताही नाही.

३. मग हे आपोआप अपडेट होईल असं काहीतरी का करत नाही?

कारण वेळापत्रक हा विकायचा माल आहे. ओएजी, सिरियमसारख्या संस्था जगभरच्या कंपन्यांची वेळापत्रकं गोळा करतात आणि वर्गणी घेऊन देतात. ती वर्गणी हौशी माणसाला परवडणारी नाही. परवडली तरी ते मार्ग खुल्या फाइलमध्ये ओतायची परवानगी त्यात नसते. कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून स्क्रिप्ट लावून ओरबाडणं आम्ही करत नाही. उरतं काय, तर माणसाने बघून, खात्री करून भरलेली ओळ. काम हळू चालतं, पण प्रत्येक ओळीमागे कोणीतरी उभं असतं.

४. एका ओळीत काय काय असतं?

नऊ रकाने: कंपनीचा कोड, कंपनीचा क्रमांक, निघण्याचा विमानतळ, त्याचा क्रमांक, पोहोचण्याचा विमानतळ, त्याचा क्रमांक, कोडशेअरची खूण, थांब्यांची संख्या आणि विमानाचे प्रकार. फाइलला शीर्षकाची ओळ नाही, त्यामुळे पहिल्यांदा उघडल्यावर भांबावायला होतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ओळ एकदिशा आहे: पुणे–दिल्ली ही एक ओळ, दिल्ली–पुणे ही दुसरी. आणि कोडशेअरच्या रकान्यात वाय हे अक्षर असेल तर विमान त्या कंपनीचं नाही, तिने दुसऱ्याच्या विमानावर फक्त स्वतःचा क्रमांक चिकटवला आहे. मार्ग मोजताना हे वाय गाळले नाहीत तर एकच विमान दोन-तीनदा मोजलं जातं.

आमच्या प्रतीत आम्ही आणखी तीन रकाने जोडले आहेत: पहिल्यांदा कधी दिसला, शेवटचा कधी पडताळला आणि कशावरून. आमच्या मते मूळ फाइलची खरी उणीव तीच होती. ती जुनी झाली यात नवल नाही. कुठली ओळ किती जुनी आहे हे तिला सांगता येत नव्हतं, तिथे घोळ झाला.

५. मला प्रोग्रामिंग येत नाही. मदत करता येईल का?

येईल, आणि खरं तर तुमचीच जास्त गरज आहे. कोड लिहिणारे खूप मिळतात. नांदेडहून गेल्या मंगळवारी विमान खरंच उडालं का, हे सांगणारा माणूस मिळत नाही. आम्हाला चार गोष्टी कळवा: कुठून कुठे, कुठली कंपनी, विमानाचा क्रमांक आणि तुम्ही ते कोणत्या तारखेला कुठे पाहिलं. बोर्डिंग पासचा फोटो पाठवणार असाल तर नाव, पीएनआर आणि बारकोड झाका. बारकोडमध्ये तुमचं नाव आणि पीएनआर दोन्ही असतात, नुसतं नाव झाकून भागत नाही.

गिटहब येत असेल तर पूल रिक्वेस्ट पाठवा. एका रिक्वेस्टमध्ये एकाच विमानतळाचे बदल ठेवा, म्हणजे तपासणाऱ्याचं डोकं शाबूत राहतं.

६. मार्ग सुरू झाला, हे तुम्ही कशावरून मानता?

सगळ्यांत जास्त वाद इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

कंपनीने घोषणा केली एवढ्यावर आम्ही ओळ भरत नाही. घोषणा आणि उड्डाण यांच्यामध्ये स्लॉट (विमानतळावर उतरण्या-उडण्याची ठरवून मिळालेली वेळ), विमानांची उपलब्धता, परवानग्या असं बरंच काही असतं. वर्तमानपत्रातली ‘लवकरच विमानसेवा’ ही बातमी तर आम्ही बाजूलाच ठेवतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला ‘लवकरच’चा अर्थ वेगळा सांगायला नको.

कंपनीच्या वेळापत्रकात मार्ग दिसतो आणि तिकीट विक्रीला आहे, हा पुरावा अर्धा. उरलेला अर्धा म्हणजे विमान प्रत्यक्ष गेलं याची खूण. ती विमानाच्या एडीएस-बी संदेशांतून मिळते. विमान १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःची जागा, उंची आणि हाकेचं नाव (कॉलसाइन) सतत सांगत असतं, आणि घराच्या गच्चीवर छोटा रिसीव्हर लावलेले हौशी लोक ते ऐकतात. पण हाकेचं नाव म्हणजे तिकिटावरचा क्रमांक नव्हे. इंडिगोचा तिकिटावरचा कोड ६ई, हाकेत मात्र आयजीओ; आणि पुढची अक्षरं-आकडेही बरेचदा वेगळे असतात. शिवाय दिसलेलं विमान रिकामं नेलं जात असेल, वळवलेलं असेल किंवा चाचणीचं असेल. म्हणून एकाच दर्शनावर आम्ही ओळ भरत नाही, वेगवेगळ्या आठवड्यांतली निदान दोन लागतात.

तिसरा आधार डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मासिक आकडेवारीचा. देशांतर्गत शहरांच्या जोड्यांमध्ये किती प्रवासी गेले, ते त्यात येतं. उशिरा येतं पण ठाम असतं. त्यात कंपनीचं नाव नसतं, त्यामुळे मार्ग चालू होता एवढंच सिद्ध होतं, कोण चालवत होतं ते नाही. शहर आणि विमानतळ यांतल्या फरकासाठी प्रश्न १० पाहा.

७. आमच्या गावचा मार्ग उडान योजनेत मंजूर झालाय. तो का दाखवत नाही?

मंजूर मार्ग आणि चालू मार्ग यांत फरक आहे. उडान ही छोटी शहरं विमानाने जोडायची सरकारी योजना. तीत कंपनी बोली लावते, तिला तीन वर्षं त्या मार्गावर एकटीने उडायचा हक्क आणि तूट भरून काढायला मदत मिळते. काही मार्ग सुरूच होत नाहीत, काही मदतीची मुदत संपली की थांबतात. उलट, योजनेच्या अगदी पहिल्या दिवशी, २७ एप्रिल २०१७ ला, शिमला–दिल्लीसोबत ज्या मार्गांना हिरवा झेंडा दाखवला त्यांत नांदेड–हैदराबाद होता. तुमच्या गावाहून विमान उडालं की आम्हाला कळवा, प्रश्न ५ मधल्या चार गोष्टींसह. त्या दिवशी ओळ भरायला आम्हालाही आनंदच होईल.

८. अपडेट कधी करता? दर आठवड्याला का नाही?

विमानांचं वर्ष दोन हंगामांचं असतं. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. बहुतेक उलथापालथ या दोन तारखांना होते, म्हणून आमची मोठी तपासणीही त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी. तोवर नवं वेळापत्रक स्थिरावलेलं असतं. मधल्या काळात लोकांनी कळवलेले बदल सुटे सुटे भरतो.

९. मार्ग बंद झाला की ओळ पुसून टाकता का?

पुसत नाही. शेवटची तारीख टाकून बंद करतो.

मार्च २०२० आठवा. २५ मार्चपासून देशांतर्गत प्रवासी विमानं थांबली ती थेट २५ मेपर्यंत. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं तर २७ मार्च २०२२ लाच पूर्ववत झाली. त्या वेळी ‘आज चालू असेल तेवढंच ठेवा’ या तत्त्वावर फाइल चालवली असती तर ती एका रात्रीत रिकामी झाली असती आणि दोन महिन्यांनी सगळं पुन्हा टंकत बसावं लागलं असतं. तारखा असल्या की कुठल्याही दिवसाचा नकाशा काढता येतो, त्या सुनसान एप्रिलचासुद्धा.

बंद ठरवायलाही घाई नको. पुण्याचा विमानतळ धावपट्टीच्या कामासाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असा पुरता बंद होता. पंधरवडाभर एकही विमान नाही, तरी मार्ग कुठे संपले होते? मी स्वतः सुरुवातीला एक मार्ग आठवडाभर दिसला नाही म्हणून बंद करून मोकळा झालो. तो आठवड्यातून तीनच दिवस असायचा, आणि तेही दिवस पावसाने खाल्ले होते. दुसऱ्याच दिवशी त्याच विमानाने आलेल्या एका काकांचं पत्र आलं. आता नियम असा: सलग साठ दिवस दिसला नाही आणि पुढच्या हंगामाच्या विक्रीतही नाही, तरच बंद.

१०. गोव्यात आणि मुंबईत दोन-दोन विमानतळ झाले. आता ओळ कुठल्या नावाने?

ओळ नेहमी विमानतळाची, शहराची कधीच नाही. दाबोळी जीओआय, मोप्याचा मनोहर विमानतळ जीओएक्स. मोपा ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला आणि बऱ्याच सेवा तिकडे गेल्या, काही दाबोळीतच राहिल्या. मुंबईत सांताक्रूझ-अंधेरीचा बीओएम आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा एनएमआय.

‘गोवा–पुणे सुरू झालं’ असं कोणी कळवलं की आमचा पहिला प्रश्न असतो, कुठल्या गोव्याहून? एखादी सेवा दाबोळीहून मोप्याला हलली तर जुन्या दोन ओळी बंद करून नव्या दोन उघडायच्या. आहे त्याच ओळीतला कोड बदलला की दाबोळीचा सगळा इतिहास मोप्याच्या नावावर जातो.

११. शहराचं नाव बदललं, तरी कोड जुनाच का?

कोड नावाशी बांधलेला नसतो. बॉम्बेची मुंबई झाली, बीओएम राहिला. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, आयएक्सयू तोच. तिकिटांच्या, सामानाच्या सगळ्या यंत्रणा कोडवर चालतात, त्यामुळे तो सहसा हलवत नाहीत. आम्ही फक्त विमानतळांच्या फाइलमधलं नाव बदलतो. अपवाद कझाकस्तानच्या राजधानीचा: अस्तानाचं नूर-सुलतान झालं, २०२० मध्ये टीएसई जाऊन एनक्यूझेड आला, २०२२ मध्ये शहर परत अस्ताना झालं, आणि कोड मात्र एनक्यूझेडच राहिला!

१२. एकाच कोडचे दोन विमानतळ सापडले. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. कोडने घर बदललं असेल. बंगळुरूचा बीएलआर २४ मे २००८ पर्यंत हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) विमानतळाचा होता, मग देवनहळ्ळीला गेला. हैदराबादचा एचवायडी त्याच वर्षी मार्चमध्ये बेगमपेटहून शमशाबादला गेला. इस्तंबूलमध्ये ६ एप्रिल २०१९ ला आयएसटी अतातुर्कहून नव्या विमानतळावर गेला आणि अतातुर्कला आयएसएल मिळाला.

२०१४ च्या फाइलमधल्या आयएसटीच्या ओळी नव्या विमानतळाच्या जागेवर काढल्या तर रेषा चुकीच्या जागी टेकतात. म्हणून जोडणी तीन अक्षरांच्या कोडवर न करता ओपनफ्लाइट्सने दिलेल्या विमानतळाच्या क्रमांकावर करा. मुंबईचा क्रमांक २९९७ आहे, तो कोणाला उसना दिला जात नाही. विमानतळाची जागा किंवा नाव चुकलं असेल तर दुरुस्ती अवरएअरपोर्ट्स या विमानतळांच्या खुल्या यादीत करा. ओपनफ्लाइट्स विमानतळांची बरीचशी माहिती तिथूनच घेतं.

१३. फ्लाय९१ च्या ओळी इंडियन एअरलाइन्सच्या नावाने दिसतात. भूत आहे का?

भूत नाही, कोड आहे. आयसी हा दोन अक्षरी कोड अनेक दशकं इंडियन एअरलाइन्सचा होता. ती एअर इंडियात विलीन झाली, कोड मोकळा पडला, आणि २०२४ मध्ये गोव्याहून उडू लागलेल्या फ्लाय९१ ला मिळाला. ज्याने कंपन्या फक्त कोडवर जोडल्या त्याच्या नकाशावर गोवा–सोलापूरला इंडियन एअरलाइन्सचं विमान दिसणारच. इलाज प्रश्न १२ मधलाच: क्रमांकावर जोडा आणि तारीख पाहा.

विलीनीकरणात दुसरी गंमत. विस्ताराचा कोड यूके, एअर इंडियाचा एआय. विस्ताराचे विमान क्रमांक एअर इंडियात आले तेव्हा त्यांच्या आधी २ लागला: यूके ९५५ चं एआय २९५५ झालं. वरवर तेच विमान, तोच मार्ग. तरीही आम्ही यूकेची ओळ त्या तारखेला बंद करून एआयची नवी उघडतो, कारण आधीच एअर इंडियाचीही त्या मार्गावर ओळ असू शकते आणि मग दोन्ही एकात मिसळतात.

१४. रेषा पाकिस्तानवरून जाते, पण विमान तर तिकडून जात नाही. नकाशा चुकीचा आहे ना?

नकाशावरची रेषा म्हणजे दोन विमानतळांमधलं पृथ्वीगोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. विमान कुठल्या वाटेने गेलं ते ती सांगत नाही, सांगू शकतही नाही. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आकाश बंद केलं; त्याआधी २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. वाट लांबली, तरी मार्ग तोच.

याहून ठळक उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं. जवळची रेषा आर्क्टिकवरून जाते, सुमारे १२,४०० किमी. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये हे विमान पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली: अंतर साधारण १५,३०० किमी, पण पाठीवर वारा असल्याने वेळ वाचला.

थांबा आला की मात्र ओळ बदलते. २०१९ मध्ये इंडिगोचं दिल्ली–इस्तंबूल विमान इंधनासाठी दोह्याला उतरू लागलं, तेव्हा थांब्यांच्या रकान्यात शून्याचा एक व्हायला हवा. दिल्ली–दोहा अशी नवी ओळ मात्र भरायची नाही, कारण त्या विमानात दोह्याचं तिकीट मिळत नव्हतं.

१५. त्रिकोणी फेरीच्या किती ओळी?

जितक्या दिशांना विमान उडतं तितक्या. विमान अ–ब–क–अ असं फिरत असेल तर तीन, सहा नाहीत. परतीच्या ओळी आपोआप भरणारी स्क्रिप्ट इथे तोंडावर पडते.

१६. एक्सेलमध्ये फाइल उघडली आणि इंडिगोचे क्रमांक विचित्र झाले.

६ई१२३ हे एक्सेलला सहा गुणिले दहाचा १२३ वा घात वाटतं, आणि ते त्याचा आकडा करून टाकतं. ६ई२०४५ मात्र तसंच राहतं, कारण एवढा मोठा आकडा एक्सेलला मावत नाही. परिणामी अर्धी फाइल बरी, अर्धी बिघडलेली, आणि कारण लवकर सापडत नाही. आम्ही कोड आणि क्रमांक वेगळ्या रकान्यांत ठेवतो ते यासाठी. फाइल डबल-क्लिक करून उघडू नका. आयात करा, रकाने मजकूर म्हणून आणि संकेतन यूटीएफ-८ निवडा.

पांडाज वापरणाऱ्यांसाठी: रिकाम्या जागी फाइलमध्ये उलटी तिरकी रेघ आणि एन असतं, ते पांडाज आपणहून रिकामं मानत नाही. उलट एनए हा कोड ते बेधडक रिकामा समजतं. दोन्ही गोष्टी वाचतानाच सांगाव्या लागतात.

१७. विकिपीडियावर विमानतळाच्या पानात सगळे मार्ग आहेत. तिथून चिकटवू का?

बघा जरूर, पण चिकटवू नका. ओपनफ्लाइट्सचा डेटा ओडीबीएल परवान्याखाली आहे: नाव द्या आणि तुमची दुरुस्त फाइलही त्याच अटीवर खुली ठेवा. विकिपीडियाचा परवाना वेगळा आहे. दोन्ही एकत्र ओतले की पुढे वापरणाऱ्याची पंचाईत होते. तिथे मार्ग दिसला तर त्याची खूण समजा आणि प्रश्न ६ मधल्या पद्धतीने स्वतः खात्री करा. अवरएअरपोर्ट्सचा डेटा सार्वजनिक मालकीचा आहे, तो निर्धास्त घ्या.

१८. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जुनीच फाइल वापरली तर चालेल का?

चालेल, फक्त शीर्षकात ‘२०१४ चं जाळं’ असं लिहा. ‘भारतातलं सध्याचं विमानजाळं’ लिहून त्यात जेट एअरवेज दाखवलीत, तर परीक्षकांनी नाही ओळखलं तरी आम्ही ओळखू.

१९. हजची विमानं मार्ग धरायची का?

आमच्यात यावर दोन तट आहेत. मुंबई, नागपूरहून हजयात्रेची विमानं ठरावीक आठवड्यांतच उडतात, ती कराराची असतात आणि कोणालाही तिकीट काढून बसता येत नाही. शिवाय पहिल्या टप्प्यात ती यात्रेकरूंना सोडून रिकामी परततात, दुसऱ्या टप्प्यात रिकामी जाऊन त्यांना घेऊन येतात. सध्या या ओळी वेगळ्या फाइलमध्ये, हंगामाच्या तारखांसह, आणि ज्या दिशेला प्रवासी असतात त्याच दिशेने ठेवल्या आहेत. मुख्य नकाशावर त्या दिसणार नाहीत. नागपूर–जेद्दा शोधत असाल तर ती फाइल उघडा.